गुणपत्रिकेची मागची बाजू

तुमची शेवटची गुणपत्रिका हातात घ्या आणि उलटी करा. मागे बारीक अक्षरांत श्रेणींचा तक्ता असतो: कुठल्या श्रेणीला किती गुणांक, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत उत्तीर्ण होण्यासाठी किमान किती. चार वर्षांत हा तक्ता वाचायची वेळ सहसा कुणावरच येत नाही. जर्मनीत एम.एस. करायला निघालेल्यांनी मात्र तो आजच वाचावा, कारण तुमच्या अर्जाचा पहिला निकाल तिथेच ठरतो.

जर्मन पद्धतीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्या मापात बसवायला एक सूत्र वापरतात. आपल्याकडच्या कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. समजा तुमचा सीजीपीए ७ आहे आणि तक्त्यात किमान उत्तीर्ण गुणांक ४ आहे. दहातून सात गेले तीन, भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक. उत्तर आलं २.५. आता तोच सीजीपीए, पण किमान गुणांक ५ धरला, तर उत्तर येतं २.८. अनेक अभ्यासक्रमांची अट ‘२.५ किंवा त्याहून चांगले’ अशी असते. म्हणजे अभ्यास तोच, गुण तेच, आणि एक विद्यार्थी दाराच्या आत तर दुसरा बाहेर.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि दर वर्षी शिफारसपत्रं मागायला येणाऱ्या मुलामुलींना आधी हे गणित कागदावर करायला लावतो. तक्ता गुणपत्रिकेवर नसेल किंवा संदिग्ध असेल, तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून श्रेणीपद्धतीचं लेखी पत्र घ्यायचं. ते नसेल, तर तपासणारा माणूस स्वतःच्या समजुतीने किमान गुण धरणार आणि त्याच्याशी वाद घालायला तुम्ही तिथे नसणार.

हे गणित आधी सांगितलं, कारण आपल्याकडे परदेशी शिक्षणाची चर्चा उलट टोकापासून सुरू होते. कुठलं शहर, कुठली एजन्सी, आयईएलटीएसचा क्लास कुठला. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत साठ हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी होते आणि तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता आपलीच संख्या सर्वांत मोठी आहे. इतकी मुलं जातात म्हटल्यावर वाट सोपी असेल असं घरच्यांना वाटतं. ती अवघड नाही, पण कागदाची वाट आहे. हुशार मुलं अडकतात ती कागदावर, आणि तेच मला सलतं.

सुरुवात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीआधी करा. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये आणि उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. हिवाळी सत्राची मुदत १५ जुलै असं सगळीकडे ऐकू येतं. पण इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या अनेक अभ्यासक्रमांची मुदत मे अखेरीस संपते, काहींची तर मार्चमध्ये किंवा त्याही आधी. आपल्याकडे शेवटच्या सत्राचा निकाल जून-जुलैत लागतो. तेव्हा अर्ज बहुधा आधीच्या सत्रांच्या गुणांवर करायचा असतो आणि पदवीचा कागद नंतर द्यायचा असतो. हे कुणाला चालतं आणि कुठल्या तारखेपर्यंत, ते प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर दिलेलं असतं. ते स्वतः वाचा, मित्राने सांगितलं म्हणून धरून चालू नका.

अभ्यासक्रम शोधायला डाड या जर्मन सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेची यादी पुरेशी आहे. शिकवण्याची भाषा इंग्रजी, पदवी मास्टर्स, आणि फी नाही, असे तीन निकष लावले की यादी हाताळण्याजोगी होते. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही. सत्राला साधारण शंभर ते साडेतीनशे युरो वर्गणी असते आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यातच बस-ट्रामचा पास येतो. अपवाद माहीत हवेत. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ही शहरं ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहेत, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली आणि मास्टर्सला ती सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो आहे. मुलं अजूनही जुनी माहिती घेऊन माझ्याकडे येतात आणि म्युनिकला मोफत शिकायला मिळतं असं आईवडिलांना सांगून बसलेली असतात.

इथेच एजन्सीचा विषय येतो. ‘समुपदेशन मोफत’ अशी पाटी असलेल्या ठिकाणी एक प्रश्न सरळ विचारा: तुम्हाला पैसे कोण देतं? बऱ्याचदा ते खाजगी संस्थांकडून, प्रवेशामागे ठरलेल्या रकमेच्या रूपात येतात. सरकारी विद्यापीठ असे पैसे देत नाही, म्हणून त्याचं नाव तुमच्या यादीत येतच नाही. गेल्या वर्षी एक मुलगी प्रवेशपत्र घेऊन पेढे द्यायला आली. सीजीपीए ८.४, प्रकल्प उत्तम. पत्रावर वर्षाला पाच आकडी युरोंची फी होती. ज्या विषयात तिला दोन-तीन सरकारी विद्यापीठं सहज मिळाली असती, त्यासाठी वडिलांनी घर तारण ठेवायची तयारी केली होती. सरकारी विद्यापीठांत फी नसते हे त्या घरात कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून दोन जर्मन शब्द पाठ करा. ‘श्टाटलिश’ म्हणजे सरकारी, ‘प्रिवाट’ म्हणजे खाजगी. ‘होखशूलकोम्पास’ या अधिकृत सूचीत प्रत्येक संस्थेपुढे तिचा प्रकार लिहिलेला असतो. खाजगी संस्थेत जाऊच नये असं माझं म्हणणं नाही, पण ती खाजगी आहे हे पैसे भरायच्या आधी कळायला हवं.

यादीत वीस नावं आली की ती सात-आठवर आणायची, आणि कामाचा गाभा तिथे आहे. प्रत्येक अभ्यासक्रम तुमच्या पदवीत कुठल्या विषयाचे किती क्रेडिट हवेत हे सांगतो. गणिताचे इतके, यांत्रिकीचे इतके, प्रोग्रॅमिंगचे इतके. हे युरोपीय क्रेडिट आपल्या क्रेडिटसारखे नसतात. त्यांचं पूर्ण वर्ष ६० क्रेडिटचं आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो, ज्यात घरी बसून केलेलाही आला. आपली चार वर्षांची पदवी साधारण १७० क्रेडिटची असेल तर काही विद्यापीठं सरळ त्रैराशिक मांडतात: १७० म्हणजे २४०, तर तुमचा चार क्रेडिटचा विषय साडेपाचच्या वर जातो. काही ठिकाणी तास मोजतात.

एक आडवा कागद घ्या. डाव्या बाजूला त्यांनी मागितलेले विषय, मधे तुमचे त्या विषयात बसणारे पेपर, उजवीकडे क्रेडिट आणि तास. ‘इंजिनिअरिंग मॅथ्स ३’ एवढ्या नावावरून तिकडच्या प्राध्यापकाला काहीच कळत नाही. त्या पेपरात लाप्लास रूपांतर होतं, फूरिए होतं, संभाव्यता होती, हे त्याला दिसायला हवं. त्यासाठी विद्यापीठाने मंजूर केलेला अभ्यासक्रम, ज्याला आपण सिलॅबसची कॉपी म्हणतो, तो तुमच्याच बॅचचा मिळवा. पॅटर्न दर तीन-चार वर्षांनी बदलतो. २०१५ च्या पॅटर्नच्या विद्यार्थ्याने २०१९ चा सिलॅबस जोडला तर पेपरची नावं जुळत नाहीत. आडवा कागद भरताना डावीकडच्या दोन ओळी रिकाम्या राहिल्या, तर तो अभ्यासक्रम यादीतून काढा. उत्कटतेने लिहिलेलं पत्र रिकामी ओळ भरून काढत नाही. उलट ज्या अभ्यासक्रमाला जागांची मर्यादा नाही आणि तुमच्या सगळ्या ओळी भरल्या आहेत, तिथे प्रवेश जवळपास हक्काने मिळतो. असे दोन तरी यादीत हवेतच, मग विद्यापीठाचं नाव काकांनी ऐकलेलं नसलं तरी चालेल.

बारावीनंतर थेट जाऊ पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: सरकारी विद्यापीठांत इंग्रजीतून पदवी देणारे अभ्यासक्रम कमी आहेत, आणि आपली बारावी एकटी तिथे सहसा पुरत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण किंवा इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष यशस्वी पूर्ण, असं काही जोडावं लागतं, नाहीतर तिथे आधी एक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग करावा लागतो. घाई नसेल तर पदवी इथे करून मास्टर्सला जाणं स्वस्त पडतं आणि सुखाचंही.

आता एपीएस. भारतीय कागदपत्रं खरी आहेत का हे दिल्लीतल्या या जर्मन कार्यालयाकडून तपासून घेणं १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालं. शुल्क १८,००० रुपये. हे प्रमाणपत्र नसेल तर व्हिसा नाही, आणि बरीच विद्यापीठं अर्जासोबतच ते मागतात. गर्दीच्या महिन्यांत वेळ लागतो, तेव्हा हा अर्ज सर्वांत आधी. पुष्कळ विद्यापीठं अर्ज थेट न घेता ‘उनी-असिस्ट’ नावाच्या सामायिक संस्थेमार्फत घेतात. तिथे एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. पैसे जमा झाल्याशिवाय ते फाईल उघडत नाहीत आणि आपल्या बँकेतून युरो पोचायला चार-पाच दिवस जातात. मुदतीच्या आदल्या रात्री अर्ज भरणाऱ्याच्या हे लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

कागदांच्या बाबतीत मराठी मुलांची एक खास अडचण आहे, तिच्यावर थोडं थांबतो. आपल्या गुणपत्रिकेवर नाव असतं ते आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि वेगळ्या रकान्यात आईचं नाव, या क्रमाने. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि स्वतःचं व वडिलांचं नाव दुसऱ्या ओळीत. दहावीच्या सनदेवर ‘दत्तात्रय’ असलेले वडील पदवीच्या कागदावर ‘दत्तात्रेय’ होतात, आणि इंग्रजीत तर एका अक्षराचे चार प्रकार. जर्मन कारकुनाला त्यात दोन वेगळी माणसं दिसतात. नियम एकच ठेवा: प्रत्येक अर्जात, आयईएलटीएसपासून एपीएसपर्यंत, नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं. जिथे फरक आहे तिथे एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून सुरुवातीपासून जोडायचं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाहनोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद, दोन्ही स्कॅन करून ठेवावीत. स्कॅन रंगीत हवा, मूळ प्रतीचा हवा, आणि गुणपत्रिकेच्या दोन्ही बाजूंचा हवा. मागची बाजू का, ते वर आलंच आहे.

विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढताना एक न काढता चार-पाच संच काढा. दुसऱ्यांदा खिडकीवर उभं राहायला लागतं तेव्हा परीक्षांचा हंगाम चालू असतो आणि तुमच्या अर्जाकडे बघायला कुणाला सवड नसते.

इंग्रजीसाठी बहुतेक ठिकाणी आयईएलटीएसमध्ये ६.५ पुरतात. गुणांची वैधता दोन वर्षं, त्यामुळे दुसऱ्या वर्षातच परीक्षा देऊन मोकळं होण्यात फायदा नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ही परीक्षा फार मोठी वाटते. माझ्या अनुभवात ती मुलं लेखनात चांगले गुण घेतात, कारण ती वाक्य विचार करून लिहितात. बोलण्याच्या भागाची भीती रोज वीस मिनिटं मोठ्याने बोलून जाते, त्याला महागडा क्लास लागत नाही.

हेतूपत्र, ज्याला मुलं एसओपी म्हणतात, त्याबद्दल माझं मत ठाम आहे. दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. ‘लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती’ हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचलं आहे की पुढचं पान न वाचता सांगता येतं. कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याचं पहिलं पत्र असंच होतं. मी त्याला विचारलं, शेवटच्या वर्षी प्रकल्पात काय केलंस? तो सांगू लागला. साखर कारखान्यातल्या एका पंपाचं बेअरिंग हंगामात दोनदा जळत होतं. यांनी त्यावर तापमानाचे सेन्सर लावले, सहा आठवडे नोंदी घेतल्या, आणि दोष बेअरिंगचा नसून शाफ्ट तिरका बसल्याचा निघाला. म्हटलं, हेच लिही, याच क्रमाने. मग तिथल्या कुठल्या दोन विषयांत तुला पुढचं उत्तर सापडेल तेही लिही. पत्र दीड पानात संपलं. त्यात ‘आवड’ हा शब्द एकदाही आला नाही, आणि ती प्रत्येक ओळीत दिसत होती.

शिफारसपत्राचंही तसंच. ‘सर, मीच लिहून आणलंय, तुम्ही फक्त सही करा’ असं म्हणत येऊ नका. त्याऐवजी गुणपत्रिका, प्रकल्पाचा सारांश आणि अर्जाची मुदत असा एक कागद महिनाभर आधी द्या आणि शिक्षकांना लिहायला वेळ द्या. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर हवं आणि पत्ता कॉलेजच्या ईमेलचा हवा.

पैशाचं कोडं घरात नीट समजावून सांगा, कारण ‘बारा लाख भरायचे’ हे ऐकून आईच्या पोटात गोळा येतो. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे फी नव्हे. तुमच्याच नावाच्या खात्यात वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी ठेवायचे. तिथे गेल्यावर त्यातले दरमहा ९९२ युरो तुम्हालाच मिळतात. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हे बारा लाखांच्या घरात जातं. व्हिसा नाकारला गेला तर नकाराचं पत्र दाखवून रक्कम परत मिळते. महिन्याच्या ९९२ मधून सुमारे दीडशे युरो आरोग्य विम्याला जातात. हा विद्यार्थी दर तिशीपर्यंतच मिळतो, तेव्हा नोकरी करून उशिरा जाणाऱ्यांनी वेगळा हिशेब मांडावा. उरलेल्यात खोलीचं भाडं आणि जेवण. मध्यम शहरात हे काटकसरीने भागतं, म्युनिकमध्ये भागत नाही. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण पहिल्या सत्रात त्या कमाईवर घरखर्च टाकू नका. काम मिळायला वेळ लागतो आणि पहिल्या परीक्षा कठीण जातात.

अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातल्या विद्यार्थ्यांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर पाहावी. दर वर्षी ७५ जणांना ती मिळते. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून जाहिरात आधी वाचून मगच विद्यापीठांची यादी करा. आधी प्रवेश घेऊन नंतर शिष्यवृत्ती शोधणारी मुलं क्रमवारीच्या अटीत अडकलेली मी पाहिली आहेत.

अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे, मग जर्मन कशाला, हा प्रश्न हमखास येतो. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि त्यांनी प्रबंध जर्मनमध्ये लिहिला. बाबासाहेबांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं, तेव्हाचा पत्रव्यवहारही जर्मनमधला आहे. आज वर्गात तुम्हाला ते करावं लागणार नाही. पण वर्गाच्या दाराबाहेर सगळं जर्मनच आहे: घरमालकाचा करार, विम्याचं पत्र, डॉक्टरची चिठ्ठी, आणि शिकत असताना मिळणारी कंपनीतली अर्धवेळ नोकरी. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं आणि त्या महिन्यांत जर्मन येणाऱ्याला मुलाखती येतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, पुणे-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, आणि सांगली-साताऱ्याच्या मुलांना ऑनलाइन वर्ग आहेत. प्रवेशाची वाट पाहण्याचे जे पाच-सहा महिने असतात, त्यांत ए१ आणि ए२ सहज होतात. ते महिने मोबाईलवर निकाल तपासण्यात घालवू नका.

व्हिसाच्या फाईलमध्ये आता पूर्वीपेक्षा जास्त काळजी हवी. नकार मिळाला तर त्याच कार्यालयाकडे फेरविचार मागायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर जर्मन न्यायालयात जायचं. नव्या अर्जात सत्र हातचं जातं, म्हणून पहिलीच फाईल पूर्ण असू द्या: प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, विमा, गुणपत्रिका, आणि हाच विषय का याचं तुमच्या शब्दांतलं पत्र. मुलाखत झालीच तर अभ्यासक्रमातले पहिल्या सत्राचे विषय विचारतात. ज्याने आडवा कागद स्वतः भरलेला असतो त्याला ते पाठ करावे लागत नाहीत.

प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज करा, रांग महिन्यांची असते. खोली न पाहता, फोटोंवर विसंबून, कुणालाही अनामत पाठवू नका, मालक कितीही गोड बोलला तरी. आणि निघताना मूळ कागदपत्रं मोठ्या बॅगेत टाकू नका. ती पाठीवरच्या सॅकमध्ये, पासपोर्टच्या शेजारी हवीत. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. पुढची कामं बहुतेक त्या नोंदणीच्या कागदावरच होतात. तिथली खिडकी उघडली की समोरचा माणूस आधी तुमचं आडनाव विचारेल, मग नाव. पासपोर्टवर आहे तसंच, सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून सांगा. जर्मन मुळाक्षरं तेवढ्यासाठी तरी आधीच शिकून ठेवा.